गाडीला लागलेला शेंदूर

माझ्या वडिलांचा देवावर विश्वास नव्हता, पण गंजावर होता. गंज सगळीकडे असतो, दिसला नाही तरी त्याचं काम चालूच असतं, आणि त्याच्यापुढे लहानमोठे सगळे सारखे, असं ते सांगत. सांगताना त्यांचा आवाज इतरांचा आरती म्हणताना होतो तसा होई. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात ते अधिकारी होते. लोखंडाच्या पट्ट्यांना निरनिराळे रंग लावायचे, त्यांच्यावर मिठाचं पाणी फवारायचं आणि कुठली पट्टी आधी हार मानते ते बघत बसायचं, हे त्यांचं काम. घरी आले की तेच काम पुढे चालू. बदलापूरच्या आमच्या तळमजल्यावरच्या घरातलं एकही लोखंड त्यांच्या तावडीतून सुटलं नव्हतं. खिडकीचे गज, खाटेचे पाय, आईची माहेरची ट्रंक, कॅलेंडर अडकवायचा खिळा, सगळ्यांना त्यांनी नारिंगी-लाल रंगाचा हात दिलेला होता. ह्या रंगाला ते 'रेड लेड' म्हणत. शिशापासून केलेली भुकटी अळशीच्या तेलात कालवायची की झाला गंजावरचा उतारा. आईने पहिल्यांदा तो डबा उघडला तेव्हा आत डोकावून ती म्हणाली, "अहो, हा तर शेंदूर." बाबांनी थोडा विचार करून, रसायनशास्त्राप्रमाणे ते बरोबर आहे, असं कबूल केलं. पुढे जे रामायण झालं त्याची सुरुवात ह्या कबुलीपासून धरायला हरकत नाही.

बाबांचं राज्य स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी संपत असे. "माझ्या तव्याला ब्रश लावलात तर मी खरवईला निघून जाईन," असं आईने बजावून ठेवलं होतं. खरवई म्हणजे तिचं माहेर, बदलापूरच्या कडेचं गाव. सायकलवर टांग मारली की घाम यायच्या आत पोचावं इतकं जवळ. त्यामुळे धमकीत तसा दम नव्हता, पण बाबा मानत. (त्या रंगात शिसं असतं, तो घरात लावू नये, असं आता सगळे सांगतात. आईला शिशाबिशाचं काही ठाऊक नव्हतं. तिला भाकरी शेंदरी नको होती, एवढंच.) आमच्या रविवारला अळशीच्या तेलाचा आणि टर्पेंटाईनचा वास असे. त्यातच आईच्या सुकटीच्या कालवणाचा वास मिसळला की शेजारच्या बिऱ्हाडांची दारं एकामागून एक बंद होत. बाबा देशावरचे, त्यांना सुकट चालत नसे. आईला टर्पेंटाईन चालत नसे. दोघांनी एकमेकांचे वास सहन करून संसार केला आणि माझ्या मते तो चांगला झाला.

दारात एक गाडी होती. कुणा निवृत्त साहेबाने टाकून दिलेली, विलायती, गोल पाठीची, फुगऱ्या गालांची. बाबांनी ती हौसेने आणली होती, पण बाहेरून धड दिसणारा तिचा पत्रा आतून पार खाल्लेला निघाला. आम्हा बहिणींची ती खेळायची जागा होती. ताई माझ्याहून मोठी, तेव्हा नवरी नेहमी तीच. मी नवरा, भटजी, विहीण आणि बँडवाला. अशाच एका खेळातल्या लग्नात ताई ऐटीत गाडीत बसायला गेली आणि तिचा उजवा पाय गाडीच्या तळातून आरपार खाली रस्त्याला टेकला. पत्र्याने पोटरी कापली गेली. डॉक्टर टाके घालत असताना बाबा तिचा हात धरून उभे होते आणि त्यांचा चेहरा तिच्याहून पांढरा पडला होता. ज्या माणसाचं अख्खं आयुष्य गंज थांबवण्यात गेलं, त्याच्या दारातल्या गंजाने त्याच्या मुलीचा पाय धरला होता. ते तिला म्हणाले, "ताई, तुला तुझ्या लग्नात ह्याच गाडीतून सासरी नेईन. आणि जिथे पाय ठेवशील तिथे पत्रा असेल." ताईने रडणं थांबवून विचारलं, "नक्की?" बाबा म्हणाले, "नक्की." आमच्या घरात शपथा घेत नसत, त्यामुळे 'नक्की' ह्या शब्दाला फार वजन होतं.

पुढे ताईचं लग्न ठरलं. मुलगा अंबरनाथचा, घरचं सगळं चांगलं, फक्त विहीणबाई कडक. बैठकीत त्यांनी आईला विचारलं, "वरातीला गाडी कुठली?" आईने पदर सावरत सांगितलं, "आमची स्वतःची आहे. विलायती." त्या वेळी त्या विलायती गाडीत शेजारची मांजर व्यालेली होती.

घासकामाचा आवाज आणि रंगाचा वास बिल्डिंगवाल्यांना सोसवेना, म्हणून गाडी खरवईला गोविंदमामाच्या वाडीत न्यायची ठरली. गोविंदमामा म्हणजे आईचा मावसभाऊ. भातशेती करणारा, शांत, आणि गावदेवीचा मान ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असा. त्याने दोन बैल आणले आणि गाडीला जुंपले. बाबा आत स्टिअरिंगवर बसले. बैलांना काय कळणार, पण वळण आलं की बाबा नियमाप्रमाणे खिडकीतून हात बाहेर काढून वळण्याची खूण करत. मागून मी आणि ताई चालत होतो आणि हसून हसून आमच्या पोटात दुखत होतं. मामाच्या उंबराच्या झाडाखाली गाडी दगडांवर चढवली, चाकं काढली, आणि कामाला सुरुवात झाली.

मी तेव्हा कॉलेजात होते, पण त्या हिवाळ्यात माझं खरं शिक्षण तारेच्या ब्रशने झालं. खरवडायचं, पॉलिशपेपरने घासायचं, पुसायचं, पुन्हा घासायचं. नाकात लोखंडाची भुकटी, दुपारी मामीच्या हातची तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं, आणि बाबांचं व्याख्यान. "रंग हा वरून लावायचा मुलामा नव्हे. तो पत्र्याला धरून बसला पाहिजे. आणि घाई करायची नाही. एक हात पूर्ण सुकल्याशिवाय दुसरा हात नाही. रंगाच्या कामात निम्मं काम वाट बघण्याचं." सडलेला तळ कापून तिथे नवा पत्रा जोडला गेला. मग आतून-बाहेरून, खालून-वरून रेड लेडचे हात बसले. सगळं सुकलं की वर बाटलीहिरव्या रंगाचा शेवटचा हात द्यायचा होता. त्याचा डबा आमच्या खाटेखाली येऊन पडला होता आणि बाबा रोज त्याला वाकून बघत. वरचा हात दिल्याशिवाय खालचा रंग उन्हात टिकत नाही, हे त्यांचं ठाम मत.

दिवे उल्हासनगरला परसूशेठकडे पॉलिशला दिले होते. परसूशेठ सिंधी, दुकान हातभर, पण जगातल्या कुठल्याही गाडीचा कुठलाही भाग त्यांच्याकडे गोणपाटाखाली सापडे. दिव्यांच्या कड्या आणि समोरची जाळी त्यांनी अशी चकचकीत करून दिली की बघणाऱ्याने तिथेच भांग पाडावा. देताना म्हणाले, "साईं, ऐसा चमकाया है, सामनेवाला खुद हाथ जोडेगा." बाबांनी ती दिव्यांची जोडी सोमवारी संध्याकाळी गाडीला बसवली आणि समाधानाने घरी आले.

आता चित्र डोळ्यांपुढे आणा. उंबराचं झाड. त्याखाली दगडांवर बसलेलं, नखशिखांत शेंदरी, गुबगुबीत काहीतरी. त्याला दोन मोठे गोल चांदीसारखे डोळे. दुसऱ्या दिवशी मंगळवार. गावातल्या एका बाईची म्हैस हरवली होती. ती शोधत शोधत पहाटेच वाडीत शिरली, तर म्हैस गाडीच्या मागे निवांत रवंथ करत बसलेली. बाईने वर बघितलं, डोळ्याला डोळा भिडला, आणि तिने तिथल्या तिथे कपाळाचं कुंकू काढून गाडीला लावलं. दुपारपर्यंत नारळ फुटला. संध्याकाळी बाबा कामावरून परस्पर तिकडे गेले तेव्हा टपावर जास्वंदीचा हार होता आणि चार बायका ओटी भरत होत्या.

बाबांना देवपूजेचा राग आला नाही. त्यांना दिसलं ते नारळाचं पाणी. ते बॉनेटवरून ओघळून फटीत चाललं होतं. "क्षार!" असं ओरडून ते धावले आणि खिशातल्या रुमालाने गाडी पुसू लागले. वाकून, खाली बसून, एकेक फट पुसत. बायका भारावून बघत राहिल्या. इतक्या मायेने देव पुसणारा माणूस त्यांनी बघितला नव्हता. मग बाबांनी ते वाक्य उच्चारलं, ज्याने आमचं नशीब फिरलं. हात जोडून ते म्हणाले, "नारळ फोडायचा तर लांब फोडा. पाणी हिच्या अंगाला चालत नाही. तेल लावा हवं तर. तेल चालतं."

झालं. काय चालतं आणि काय चालत नाही हे ज्याला ठाऊक, तो पुजारी. आणि जिला काही चालतं आणि काही चालत नाही, ती देवी. आठवड्याभरात आसपासच्या गावांतून माणसं तेलाच्या बाटल्या घेऊन येऊ लागली. जांभूळ गावाहून एक म्हातारा चालत आला. गाडीला तिकडे 'गारी' म्हणतात, तेव्हा लोक तिला 'गारीआई' म्हणू लागले. कोणी तेलात कालवून नवा शेंदूरही लावू लागलं, तेव्हा बाबांनी तो बोटांत चोळून पाहिला आणि नाइलाजाने म्हणाले, "जाडाभरडा आहे, पण शुद्ध आहे."

"गोविंदराव, हा देव नाही, पत्रा आहे," बाबांनी मामाला समजावलं.

मामा शांतपणे म्हणाला, "देवलान तरी काय असतंय दाजी? दगरच ना?"

लग्न जवळ येत चाललं होतं. एका रविवारी बाबा हिरवा डबा आणि नवा ब्रश घेऊन गेले, तर गावातल्या बायका गाडीपुढे मांडी घालून बसलेल्या. मामाही त्यांच्यात. "दाजी, लावलेला शेंदूर उतरवाचा नसतो. त्याच्यावर हिरवा त अजाबात नाय. आनि गारीला हालवाची म्हनाल, त आईला इचारल्याशिवाय नाय." बाबा डबा घेऊन परत आले आणि न जेवता खाटेवर बसून राहिले. ताई त्यांच्याजवळ जाऊन म्हणाली, "बाबा, भाड्याची गाडी करू. मला चालेल." बाबा म्हणाले, "मला नाही चालणार." मी त्यांना इतकं हरलेलं त्यापूर्वी कधी बघितलं नव्हतं आणि मला गावाचा, म्हशीचा, परसूशेठच्या पॉलिशचा, सगळ्यांचा राग आला.

शेवटी मामानेच तोडगा काढला. कौल लावायचा. आमच्या भागात ही रीत आहे. देवाला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि मनातलं विचारायचं. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. देशावरच्या आमच्या बाबांना हे समजावून सांगताना आईचीच दमछाक झाली. "आणि पडल्याच नाहीत तर?" त्यांनी विचारलं. "तर बसायचं," आई म्हणाली. मिठाच्या पाण्यातल्या पट्ट्यांपुढे बसण्यात ज्याची हयात गेली, त्या माणसाला एवढं पटलं.

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी कौल ठरला. मामाने आंघोळ करून एका दिव्यावर एक आणि दुसऱ्या दिव्यावर एक अशा चाफ्याच्या पाकळ्या लावल्या. हात जोडून मोठ्याने विचारलं, "आई, पोरीला तुझ्यान बसवून सासरी न्यावी का?" मग सगळा गाव वाट बघत बसला. ऊन चढलं. पाकळ्या हलेनात. इतक्या दिवसांचं तेल त्या दिव्यांवर बसलं होतं, पाकळ्या घट्ट चिकटून राहिल्या. जेवणं आली, झाली. एक माणूस घोरू लागला, त्याला बायकोने ढोसलं. बाबा डोळे बारीक करून पाकळ्यांकडे बघत होते. हळूच माझ्या कानाशी म्हणाले, "पकड बघ, पकड! सकाळपासून उन्हात आहे." त्या अवस्थेतही त्यांना कौतुक वाटत होतं. उन्हं कलली तरी पाकळ्या जागच्या जागी. आता अंधार पडला की कौल मोडला, म्हणजे परवानगी नाही, असं धरतात, हे मामाने सांगितलं तेव्हा बाबांच्या चेहऱ्यावरचं कौतुक गेलं.

तेवढ्यात रिक्षातून ताई उतरली. कुणाकडे तरी केळवण जेवून आली होती, अंगावर नवी कोरी साडी, केसांत गजरा, आणि डोकं तापलेलं. तिने बाबांकडे बघितलं. दगडावर बसून बसून त्यांचा पाय आखडला होता आणि रुमाल हातात तसाच होता. ती तरातरा गर्दीतून गाडीपाशी गेली, चपला बाहेर काढल्या, दार उघडलं आणि आत जाऊन बसली. कोणी अडवायच्या आत म्हणाली, "माझ्या बाबांनी मला शब्द दिलाय. मी ह्याच गाडीतून जाणार. गावदेवी असेल नाहीतर आणखी कोणी, मी उतरणार नाही!" आणि 'नाही' म्हणताना तिने उजवा पाय, तोच टाक्यांचा पाय, दाणकन तळावर आपटला.

तळ घणघणला. गाडी आपल्या दगडांवर थरथरली. उजवी पाकळी सुटली आणि अलगद खाली आली.

मग काय विचारता! बायकांनी हुंदके दिले, ताशा कुठून आला कोण जाणे, मामाने ताईच्या पाया पडायला वाकून तिला आणखी चिडवलं. बाबा मात्र गाडीच्या खाली शिरले होते. तळाला कुठे तडा गेला नाही ना, ते हात फिरवून बघत होते. बाहेर आले ते हसत. म्हणाले, "ठीक. मग उद्या हिरवा हात देतो."

मामा म्हणाला, "दाजी, न्यावाचं इचारलं. रंगाचं आपन इचारलंच नाय."

बाबा दुसरा कौल मागणार होते, पण आईने त्यांचा सदरा मागून ओढला. "पुरे झालं. हिने पुन्हा पाय आपटला आणि डावी पडली तर?"

अशा रीतीने माझी बहीण शेंदरी गाडीतून सासरी गेली. चाकं चढली, इंजिन परसूशेठच्या माणसाने आधीच चालू करून ठेवलं होतं. हॉर्न नव्हता, त्याची गरज पडली नाही. मामाची एकच अट, देवीच्या गाडीत चपला घालून बसायचं नाही, म्हणून नवरा-नवरी अनवाणी. नवऱ्या मुलाचा पांढरा सफारी दार उघडतानाच एका बाजूने शेंदरी झाला. बाबा गाडी चालवत होते, मी पुढे, मांडीवर करवलीचा करा घेऊन. बदलापूर ओलांडून अंबरनाथच्या रस्त्याला लागलो तसे लोक थांबून हात जोडू लागले. चौकात बाबांनी उजवीकडे वळण्यासाठी नियमाप्रमाणे हात बाहेर काढला, तर पदपथावरच्या माणसांनी तो आशीर्वाद समजून माना लववल्या. हवालदाराने टोपी काढली. बाबा पुटपुटले, "सिग्नल देतोय रे, सिग्नल." मागे ताई रडता रडता हसू लागली. ते हसू ऐकून बाबांनी आरशात न बघता विचारलं, "ताई, पायाखाली पत्रा लागतोय ना?"

"लागतोय, बाबा."

"गार लागतोय का?"

"ओला लागतोय."

मी बाबांकडे बघितलं तर त्यांचे कान लाल झाले होते. त्या दिवशी पहाटे, कोणाला न सांगता, त्यांनी जाऊन गाडीच्या तळाला आतून रेड लेडचा आणखी एक हात देऊन टाकला होता. घाई करू नका म्हणून आयुष्यभर दुसऱ्यांना सांगणाऱ्या माणसाला तेवढ्या एका सकाळी राहवलं नव्हतं.

विहीणबाई भाकरतुकडा घेऊन दारात उभ्या होत्या. काहीतरी टोचून बोलायची तयारी त्यांच्या चेहऱ्यावर होती, पण देवीच्या गाडीतून उतरलेल्या सुनेला काय बोलणार? त्यांनी आधी गाडीला ओवाळलं, मग ताईला. ताईने माप ओलांडलं आणि ती आत चालत गेली. मागे पांढऱ्या लाद्यांवर तिची शेंदरी पावलं उमटत गेली, उंबऱ्यापासून थेट देवघरापर्यंत, ओली आणि ठसठशीत. जमलेल्या बायकांच्या तोंडून 'लक्ष्मी, लक्ष्मी' असा आवाज निघाला. नवऱ्याचीही पावलं उमटली होती, पण त्यांच्याकडे कोणी बघितलं नाही.

गाडी त्याच संध्याकाळी खरवईला परत गेली आणि मग तिथून हलली नाही. उंबर आता नाही, आसपास लिफ्टच्या इमारती झाल्या आहेत, आणि एका इमारतीच्या जाहिरातीत 'मंदिराजवळ' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं आहे. तेलाचे आणि शेंदराचे थर चढून चढून तिचा आकार आता गाडीसारखा राहिलेला नाही. हिरवा डबा आमच्या खाटेखालीच सुकून दगड झाला.

लग्नानंतर बाबा पहिल्यांदा ताईकडे गेले तेव्हा मी बरोबर होते. विहीणबाईंनी चहा ठेवला. बाबा खुर्चीवर बसलेच नाहीत. ते वाकून, मग गुडघ्यावर बसून, लादीवरच्या एका पावलाकडे बघत होते. नखाने त्याची कड खरवडून पाहिली. निघाली नाही. पाठवणीच्या वेळी ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते बाबा तिथे गुडघ्यावर बसून ढसाढसा रडू लागले. ताई आतून धावत आली.

"माझी जरा घाई झाली," ते विहीणबाईंना म्हणाले. "आणखी थोडं थांबायला हवं होतं. लादी खराब झाली तुमची. टर्पेंटाईन आणून मी स्वतः पुसून देतो."

विहीणबाईंनी चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि ताईच्या पाठीवर हात ठेवला.

"राहू द्या हो," त्या म्हणाल्या. "आता नाही निघायचं ते."